कुंचल्याचे अक्षर



भीमजयंतीच्या आधी आमच्या वस्तीत बॅनर लागला. निळ्या पटावर पांढरी, तिरकी, कुंचल्याने झरझर ओढल्यासारखी अक्षरे. पोरे खूश! एक आजी मात्र खाली उभ्या राहून एकेक अक्षर जुळवू लागल्या आणि म्हणाल्या, "लेकरांनो, हे ‘घम्म’ म्हंजी काय?"

आजी प्रौढ साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या. त्या चुकल्या नव्हत्या. बॅनरवर ‘धम्म’ खरोखरच ‘घम्म’ दिसत होता.

ध आणि भ या अक्षरांना डावीकडे वर छोटी गाठ असते आणि तिथे डोक्यावरची रेघ तुटते. घ आणि म यांची रेघ सलग जाते. फरक एवढाच. कुंचल्याच्या वळणाच्या काही फाँटमध्ये ही रेघ एकाच फटकाऱ्यात ओढल्यासारखी असते. अक्षर जाड केले की गाठ बुजते. मग धम्माचा घम्म आणि भीमाचा मीम व्हायला वेळ लागत नाही.

आम्ही या अक्षराचे वैरी नाही. हे वळण आपल्या ओळखीचे आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या साडेपंधरा वर्षांत आपली मागणी भिंतींवर आणि कापडी फलकांवर कुंचल्यानेच लिहिली जाई. घाईत अक्षर तिरके होई, रंग संपत आला की टोक फाटे. पण चांगला पेंटर दोन पावले मागे येऊन लिहिलेले वाचून पाही. आता ते वळण कॉम्प्युटरमध्ये आले आहे. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तर ‘यात्रा वन’ नावाचा फाँटच तयार झाला. फाँट मात्र मागे सरकून वाचत नाही. ते काम आपले.

तेव्हा बॅनर किंवा पत्रिका करताना एवढे पाहावे. हे अक्षर मोठ्या आकारातल्या दोन-तीन शब्दांना शोभते : ‘जयभीम’, ‘मंगल परिणय’, ‘बुद्ध पौर्णिमा’. तारीख, वेळ, पत्ता, माणसांची नावे आणि बावीस प्रतिज्ञा साध्या, उभ्या अक्षरांतच असाव्यात. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेला हे वळण नकोच. दुःखाच्या बातमीत अक्षराने नाचू नये. आणि छापण्याआधी नमुना मागून घ्यावा. तो घरात नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाला दहा पावलांवरून वाचायला द्यावा.

ही बाब क्षुल्लक नाही. ज्या आजींच्या आजीला कुणी पाटीला हात लावू दिला नाही, त्यांना आपल्याच बॅनरखाली अडखळावे लागू नये.

त्या संध्याकाळी पोरांनी शिडी लावली. डबीभर निळा रंग आणि एक कुंचला घेऊन रेघेत नेमकी खाच पाडली. आजींना पुन्हा बोलावले. त्यांनी बोट फिरवत फिरवत वाचले, "ध... म्म."

मग चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा एकदा वाचले.