इंग्रजीची सुरुवात स्वतःच्या नावापासून



दुपारची कामं आटोपली की आमच्या कोराडीतल्या चार-पाच जणी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येतात. कुणाला मुलाच्या शाळेत बोलायचं असतं, कुणाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गोंधळायला नको असतं. राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्यांना ते पाचवीपासून होतं, आणि बोलण्याचा सराव तर फारच थोडा. म्हणून या वयात पुन्हा श्रीगणेशा.

सुरुवात कशाने करावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. व्याकरण नंतर. आधी नमस्कार आणि स्वतःचं नाव, आणि त्यासाठी हवे तितके दिवस द्यावेत.

नावाचं सांगते. "तुमचं नाव काय?" म्हटलं की कितीतरी जणी नवऱ्याच्या नावामागे सौ. लावून सांगतात, नाहीतर "मी अमक्याची आई". त्यात नवल नाही. अनेक घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं जातं आणि माहेरचं नाव हळूहळू कुणी घेईनासं होतं. 'माय नेम इज' म्हटल्यावर मात्र पुढे स्वतःचंच नाव येतं. तिथे बाई थबकते. शिकवणाऱ्याने ते नाव आपण भरू नये. माहेरचं सांगायचं की सासरचं, हे तिचं तिला ठरवू द्यावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आपल्या राज्यात मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं. आता ते प्रत्येक खिडकीवर ठणठणीत सांगता यायलाच हवं.

'मायसेल्फ' म्हणून सुरुवात करायची सवय मी पहिल्याच दिवशी सोडवते. 'गुड नेम'ही तसंच. ते आपल्याकडच्या हिंदीतल्या 'शुभ नाम'चं भाषांतर आहे, इंग्रजांच्या बोलण्यात ते नाही.

आता नमस्कार. शाळेत सगळा वर्ग एका सुरात 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणतो. तो झाला पाढा. नमस्कार एका माणसाने दुसऱ्याकडे बघून करायचा असतो. म्हणून माझ्याकडे दोघी-दोघी समोरासमोर बसतात. संध्याकाळी भेटताना 'गुड ईव्हनिंग', निरोप घेताना 'गुड नाइट', हा फरकही पाठ करून नाही, उठून दारापर्यंत जाऊन कळतो.

सर्वांत जास्त अडखळायला होतं ते 'यू'पाशी. मोठ्यांना आणि लहानांना एकच शब्द कसा वापरायचा? मी सांगते, इंग्रजीत आदर 'प्लीज', 'मॅडम', 'मे आय' आणि आवाजातल्या मऊपणात असतो. 'हाऊ आर यू'ला उत्तरही छोटंच द्यायचं, गुडघेदुखीची कहाणी तिथे सांगायची नाही. आपल्या "जेवलीस का?"लाही आपण कुठे ताटातले सगळे पदार्थ मोजून सांगतो?

'इंग्लिश विंग्लिश' हा २०१२ सालचा सिनेमा पुष्कळ जणींनी पाहिला असेल. लाडू करून विकणारी शशी गोडबोले. गौरी शिंदे यांना तो सुचला पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या स्वतःच्या आईवरून. व्यवसाय सांभाळणाऱ्या बाईलाही इंग्रजीवरून घरातच कमी लेखलं जातं, हे आपल्यासाठी नवं नाही. म्हणूनच शिकवताना हसू नये, चारचौघींत चूक दाखवू नये. बोललेला शब्द कुणाला टोचू नये, हीही अहिंसाच.

आणि हो, इंग्रजी आलं म्हणून घरातला नमस्कार बदलायचं कारण नाही. जय जिनेंद्र, राम राम, जय भीम, ज्याचा जो असेल तो राहू द्या. 'गुड मॉर्निंग' ही दारातली आणखी एक चप्पल समजा, बाहेर जाताना घालायची.

तुमच्या शेजारी कुणी शिकू पाहत असेल, तर आज तिला तिचं नाव विचारा. नुसतं तिचं.

जय जिनेंद्र!