इंग्रजी घरच्या घरी : चार रूपे, बारा काळ



शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वहीत इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता आपण पाहिला असेल. मुले तो घडाघडा म्हणून दाखवतात. पण ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करते’ हे इंग्रजीत सांग म्हटले की गप्प होतात. तक्ता पाठ असतो, त्यातले कोणते वाक्य कधी वापरायचे हे ठाऊक नसते. नोकरीच्या अर्जात किंवा मुलाखतीत ही अडचण महागात पडू शकते. म्हणून या महिन्यात एकच नियमित क्रियापद घेऊ : वर्क, म्हणजे काम करणे.

आधी मनातली भीती काढून टाकू. मराठीत साध्या वर्तमानकाळातच आपण करतो, करते, करतोस, करतेस, करता, करतात अशी सहा रूपे सहज बोलतो. मदरशात अरबीची सर्फ शिकणाऱ्या मुलाला विचारा, भूतकाळाच्या एका गर्दानमध्ये १४ सीगे असतात. इंग्रजीतल्या नियमित क्रियापदाला मात्र सगळे काळ मिळून चारच रूपे आहेत : वर्क, वर्क्स, वर्क्ट आणि वर्किंग. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, क्रियापद बदलत नाही.

वर्क्स हे रूप फक्त साध्या वर्तमानकाळात येते, तेही ‘तो, ती, ते’ अशा एकवचनी कर्त्याबरोबर : ही वर्क्स, शी वर्क्स. बाकी सर्वांना नुसते वर्क.

वर्क्ट लिहिताना शेवटी ई-डी ही अक्षरे येतात, पण उच्चार ‘वर्केड’ होत नाही. मूळ शब्दाच्या शेवटी क, प, स, श, च, फ असा आवाज असेल तर ई-डीचा उच्चार ‘ट’ होतो : वर्क्ट, हेल्प्ट, वॉश्ट. शेवटी ट किंवा ड असेल तर ‘इड’ : वाँटिड, नीडिड. उरलेल्या शब्दांना ‘ड’ : कॉल्ड, क्लीन्ड, ओपन्ड.

आता बारा काळ पाहू. चार प्रकार आणि तीन वेळा, असा हा हिशेब आहे.

साधा काळ : आय वर्क, आय वर्क्ट, आय विल वर्क. (करते, केले, करीन)

चालू काळ : आय अ‍ॅम वर्किंग, आय वॉज वर्किंग, आय विल बी वर्किंग. (करत आहे, करत होते, करत असेन)

पूर्ण काळ : आय हॅव वर्क्ट, आय हॅड वर्क्ट, आय विल हॅव वर्क्ट. (केले आहे, केले होते, केलेले असेल)

चालू पूर्ण काळ : आय हॅव बीन वर्किंग, आय हॅड बीन वर्किंग, आय विल हॅव बीन वर्किंग. (आधीपासून करत आले आहे, करत आले होते, करत आलेली असेन)

नीट पाहा, बदल होतो तो पुढच्या छोट्या शब्दांत. अ‍ॅम, वॉज, हॅव, हॅड, विल हे सहायक शब्द वेळ सांगतात. चालू काळात वर्किंग आणि पूर्ण काळात वर्क्ट कायम राहते. नकार आणि प्रश्न करतानाही हेच ध्यानात ठेवा. ‘डिड’ आले की भूतकाळ त्यानेच सांगितला, म्हणून ‘आय डिड नॉट वर्क’ बरोबर आणि ‘आय डिड नॉट वर्क्ट’ चूक. तसेच ‘डज शी वर्क?’ बरोबर, ‘डज शी वर्क्स?’ चूक.

आता मूळ अडचणीकडे वळू. समजा, एक भगिनी पाच वर्षांपासून एका शाळेत नोकरी करत आहे. तिने अर्जात ‘आय वर्क्ट इन अ स्कूल फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहिले, तर वाचणारा समजेल की ती नोकरी आता सुटली आहे. आपल्याकडे बरेच जण ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ असेही म्हणतात. ते मराठीचे शब्दशः इंग्रजी आहे. परीक्षेत ते चूक ठरते. योग्य वाक्य असे : आय हॅव बीन वर्किंग इन अ स्कूल फॉर फाइव्ह इयर्स. काम मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे, या दोन्ही गोष्टी त्यात येतात.

फॉर आणि सिन्स यांचा घोळ होतो, कारण मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च येते. किती काळ ते सांगायचे असेल तर फॉर (फॉर फाइव्ह इयर्स). केव्हापासून ते सांगायचे असेल तर सिन्स (सिन्स २०२१). आणखी एक काळजी घ्या. ‘काल’, ‘मागच्या वर्षी’ अशी सरलेली वेळ वाक्यात असेल तर हॅव चालत नाही. ‘आय वर्क्ट येस्टरडे’ एवढेच म्हणायचे.

गंमत म्हणजे वर्क पूर्वी नियमित नव्हते. त्याचे भूतकाळी रूप ‘रॉट’ असे होते. घडीव लोखंडाच्या जाळ्यांना आपण ‘रॉट आयर्न’ म्हणतो, त्यात ते अजून टिकून आहे. पुढे ई-डीच्या सोप्या नियमाने त्याची जागा घेतली. इंग्रजीत आज नवी क्रियापदे येतात तीही बहुतेक याच नियमाने चालतात. गूगलवर शोधले याला लोक ‘गूगल्ड’ म्हणू लागले, ते कोणी शिकवावे लागले नाही. म्हणजे आज शिकलेला नियम उद्याच्या शब्दालाही उपयोगी पडेल.

सराव : ‘कुक’ म्हणजे स्वयंपाक करणे. पुढील वाक्ये मुलांसोबत बसून इंग्रजीत करा.

१. अम्मी स्वयंपाक करत आहे.
२. काल मी स्वयंपाक केला नाही.
३. आपा रोज स्वयंपाक करते का?
४. आम्ही सकाळपासून स्वयंपाक करत आहोत.

उत्तरे पुढच्या अंकात. तेव्हाच गो, ईट, राइट अशा नियम न पाळणाऱ्या क्रियापदांकडे वळू, इन्शाअल्लाह.