नवीन उबुंटू टाकताय? रेडमधले फोटो राहतील का, ते आधी तपासा

उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चाही. म्हणजे जुन्या पीसीवर नवीन सिस्टीम टाकणं आलंच. नागपुरातल्या एका फोटो स्टुडिओवाल्या काकांनी मला विचारलं, "दोन डिस्कवर लग्नांचे फोटो आहेत. उबुंटू नवीन टाकलं तर ते राहतील ना?"

त्यांच्याकडे सॉफ्टवेअर रेड १ आहे, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर सारखा लिहिला जातो. बऱ्याच जणांना वाटतं की रेडची माहिती जुन्या सिस्टीममध्ये असते, ती गेली की रेडही गेलं. तसं नाही. लिनक्समध्ये ही माहिती 'सुपरब्लॉक' म्हणून प्रत्येक डिस्कवरच लिहिलेली असते. नवीन सिस्टीम ती वाचून रेड पुन्हा जोडू शकते.

मग डेटा जातो कुठे? इन्स्टॉलरच्या डिस्क निवडायच्या स्क्रीनवर. काही जण पार्टिशन न करता अख्खी डिस्कच रेडला देतात. अशी डिस्क इन्स्टॉलरला चक्क रिकामी वाटू शकते. सुपरब्लॉक सहसा डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो. नवीन जीपीटी पार्टिशन टेबल पहिल्या १७ केबीत बसतं, म्हणजे थेट त्याच्यावरच! एकाच डिस्कवर हे झालं तर दुसरीवर फोटो शाबूत असतात. पण जोडलेलं रेडच फॉरमॅट केलं तर दोन्ही डिस्कवर एकदमच पुसलं जातं. रेड १ डिस्क बिघडण्यापासून वाचवतं, तुमच्या क्लिकपासून नाही.

म्हणून खऱ्या डिस्कला हात लावायच्या आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये रंगीत तालीम करा. तीन छोट्या व्हर्च्युअल डिस्क घ्या: एक सिस्टीमसाठी, दोन रेडसाठी. रेड तुमच्या पीसीवर आहे तसंच बनवा. पार्टिशनवर असेल तर पार्टिशनवर, अख्ख्या डिस्कवर असेल तर तसं. थोडे फोटो टाका, त्यांचे एसएचए-२५६ चेकसम काढून बाहेर जपून ठेवा. आता फक्त पहिल्या डिस्कवर नवीन उबुंटू टाका. नंतर एमडीएडीएम हे टूल लागेल. त्यात 'असेंबल' करा, 'क्रिएट' अजिबात नाही. क्रिएट नवीन रेड बनवतं. जोडलेल्या रेडचं नाव बदलून 'एमडी१२७' दिसलं तर घाबरू नका, डेटा तोच असतो. चेकसम पुन्हा काढून जुळवा. फोल्डर उघडलं, फोटो दिसले, एवढ्यावर समाधान मानू नका.

विंडोजवाल्यांचं गणित वेगळं आहे. स्टोरेज स्पेसेसमधला डेटा लिनक्सला थेट वाचता येत नाही, तो आधी बाहेर काढावाच लागतो.

काकांना मी इतकंच सांगितलं: आधी एका तिसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या. मग इन्स्टॉल करताना पीसी बंद करून रेडच्या दोन्ही डिस्कच्या केबल काढून ठेवा आणि काम झाल्यावरच परत लावा. जी डिस्क इन्स्टॉलरला दिसतच नाही, ती त्याला पुसता येत नाही.