पिकलबॉलला निधी नको, सभागृहाची किल्ली द्या!

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, तालुकाभर आनंद झाला. पण कांबळवाडीच्या या पोराला सरावासाठी नाशिक गाठावं लागलं होतं. जिद्दीचा खेळाडू बाहेर जाऊन खेळतो. पन्नाशीतल्या माणसानं, घरातल्या बायकांनी खेळायचं कुठं?

त्यांच्यासाठी पिकलबॉल बरा. १९६५ मध्ये अमेरिकेत जुन्या बॅडमिंटन कोर्टवरच तो सुरू झाला. माप आजही डबल्सच्या कोर्टाचंच, ४४ बाय २० फूट. छिद्रांचा प्लास्टिक बॉल, छोटी बॅट, सर्व्हिस खालून. आजोबा-नातू एकत्र खेळू शकतात.

आता मुद्दा. शहरात हा खेळ तासाच्या भाड्यावर चालतो; इथं ते किती जणांना परवडणार? शिवाय राधानगरीचा पाऊस म्हणजे वर छप्पर पाहिजेच. ते आहे की! सरकारी निधीतनं बांधलेली सभागृहं लग्न-बारसं नसलं की कुलपात असतात. ज्यात हे माप बसतं, ते ग्रामपंचायतीनं रोज संध्याकाळी दोन तास उघडावं. एक तास फक्त बायकांसाठी. नेट आणि चार बॅटा आपण वर्गणीतनं आणू. गणपतीला काढतोच की!

येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार? कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.