टंचाई म्हणजे मोल नव्हे

बेसबॉलची कार्डे जमवणाऱ्यांमध्ये अमेरिकेत एक मत खोल रुजले आहे: संग्रह करावा तो जुन्या कार्डांचा, गेल्या तीस-चाळीस वर्षांत छापलेली कार्डे म्हणजे चकचकीत रद्दी. हे मत पोळलेल्या माणसांचे आहे, त्यामुळे ते सहज झटकून टाकता येत नाही. तरीही ते चुकीचे आहे. त्याच्या उलट टोकाला नव्या कार्डांना शेअरबाजार समजणारी मंडळी उभी आहेत. तीही तितकीच चुकतात. दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. दोघेही टंचाईलाच मोल समजतात.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. १९८१ साली फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या आणि टॉप्सची दीर्घ मक्तेदारी संपली. १९८८ मध्ये स्कोअर आली, १९८९ मध्ये अपर डेक. जुन्या कार्डांचे चढते भाव पाहून लोकांनी नव्या कार्डांच्या पेट्याच्या पेट्या न फोडता माळ्यावर ठेवल्या, आणि कंपन्यांनी अमाप छपाई केली. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि आधीच फुगलेला बाजार बसला. मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून जपलेल्या पेट्यांना कोणी विचारेना. त्या काळाला ‘जंक वॅक्स’ हे नाव चिकटले ते कायमचे. पुढे कंपन्यांनी क्रमांक घातलेली, रंगीत कडांची, चमकत्या पृष्ठभागाची मोजकीच कार्डे काढायला सुरुवात केली. यावर आक्षेप असा की ही टंचाई कारखान्यात बनवलेली आहे, आणि तिच्या आशेने कार्डांचे बंद पाकीट फोडणे हा जुगार आहे.

पहिला आक्षेप अमाप छपाईचा. १९८९ च्या अपर डेक संचातले पहिल्या क्रमांकाचे कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचे आहे. ते दुर्मीळ मुळीच नाही. हवे तेव्हा हव्या तितक्या प्रती मिळतात. तरीही त्याची मागणी आजवर आटलेली नाही, कारण एका अख्ख्या पिढीचे बेसबॉलप्रेम त्या हसऱ्या चेहऱ्याशी जोडलेले आहे. छपाई अफाट असली की संग्रहमूल्य शून्य होते, हा नियम जंक वॅक्सच्या ऐन काळातल्या या एका कार्डाने मोडला आहे.

दुसरा आक्षेप कृत्रिम टंचाईचा. जुनी कार्डे तरी कुठे निर्व्याज होती? १९०९ ते १९११ दरम्यान निघालेली टी-२०६ मालिका सिगारेटी खपवण्यासाठी पाकिटात घातली जात होती. त्यातले होनस वॅग्नरचे कार्ड दुर्मीळ झाले ते त्याने स्वतःच्या चित्राला संमती नाकारल्यामुळे. १९५२ च्या टॉप्स संचातली, मिकी मँटलच्या कार्डासह निघालेली शेवटची मालिका हंगाम सरत असताना बाजारात आली आणि पडून राहिली. टॉप्सचे साय बर्गर यांनी १९६० मध्ये तो न खपलेला माल अटलांटिक महासागरात बुडवला. त्याच मँटल कार्डाची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. या टंचाईत कसली शुद्धता? एका ठिकाणी खेळाडूचा नकार होता, दुसऱ्या ठिकाणी न खपलेल्या मालाची अडचण. इतकेच नव्हे, सर्वांत गाजलेल्या वॅग्नर कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. जुनेपणा सचोटीची हमी देत नाही.

एकच छायाचित्र दहा रंगांच्या कडांत छापून प्रत्येकावर वेगळा आकडा घालणे ही पोकळ टंचाई आहे, हे मला मान्य आहे. पण सगळी नवी टंचाई तशी नाही. २०२३ पासून पहिला सामना खेळणाऱ्या खेळाडूच्या गणवेशावर एक पट्टी लावतात. सामन्यानंतर ती काढून त्याच्या स्वाक्षरीच्या एकमेव कार्डात बसवली जाते. पॉल स्कीन्सने मे २०२४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून पदार्पण केले. त्याचे असे कार्ड अकरा वर्षांच्या एका मुलाला पाकिटात मिळाले. पायरेट्सने त्याच्या बदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली, पण मार्च २०२५ मध्ये ते लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेले. रकमेपेक्षा महत्त्वाचे हे की खेळाडू आयुष्यात एकदाच पदार्पण करतो. इथला ‘एक’ हा आकडा छापखान्याने ठरवलेला नाही.

जुगाराचा आक्षेप मात्र खरा आहे. पण तो दोष विकण्याच्या पद्धतीचा आहे, कार्डाचा नव्हे. हवे ते कार्ड सुटे विकत घेता येते. ज्याला संग्रह करायचा आहे त्याने पाकिटांच्या मागे लागूच नये.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. माइक ट्राउटचे २००९ चे स्वाक्षरीचे एकमेव कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर विकले गेले. तोवर कोणत्याही क्रीडा कार्डाला इतकी किंमत आली नव्हती. गुंतवणूकवाले हाच दाखला देतात. पण नव्या खेळाडूंच्या २००९ च्या निवडीत ट्राउटचा क्रमांक पंचविसावा होता. त्याला घेणाऱ्या खुद्द एंजल्स संघाने त्याच्या आधीच्या क्रमांकावर रँडल ग्रिचकला निवडले होते. ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाही जे ओळखता आले नाही, ते दुकानातल्या गिऱ्हाइकाला कसे ओळखता येईल? १९९१ च्या निवडीत ब्रायन टेलर पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याची कार्डे लोकांनी जपून ठेवली, पण खांद्याच्या दुखापतीनंतर तो मेजर लीगचा एकही सामना खेळू शकला नाही. २०२१ मध्ये तर हव्यासाचा कळस झाला. कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएसए या कंपनीला आलेल्या कार्डांच्या ढिगाऱ्याखाली दबून बरीचशी सेवा थांबवावी लागली आणि मारामारीच्या भीतीने टार्गेट या दुकानसाखळीने दुकानांतली कार्डविक्री बंद केली. याला संग्रह म्हणत नाहीत.

मग संग्रहमूल्य येते कुठून? याचे उत्तर जेफरसन बर्डिक यांनी आपल्या आयुष्याने दिले आहे. सिरॅक्यूजचा हा संधिवाताने पिडलेला कामगार इतरांनी फेकून दिलेली कार्डे गोळा करत असे. त्याने त्यांचे वर्गीकरण केले, सूची छापली. टी-२०६ हा क्रमांक त्याचाच. तीन लाखांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह, त्यातल्या तीस हजारांवर बेसबॉल कार्डांसह, त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. १९६३ मध्ये, आल्बमांत कार्डे चिकटवण्याचे काम संपवून थोड्याच दिवसांत तो वारला. बर्डिकच्या काळी त्यातली बहुतेक कार्डे कवडीमोल होती. त्यांना अर्थ आला तो त्याच्या निवडीने आणि रचनेने.

हे काम नव्या कार्डांत अधिक चांगले करता येते. टी-२०६ ची नेमकी किती कार्डे छापली गेली, हे कोणालाच सांगता येत नाही. २०१६ पासूनच्या टॉप्स नाऊ मालिकेत मात्र मैदानावरच्या पराक्रमाचे कार्ड लगेच निघते, मोजक्या वेळात आलेल्या मागणीइतकेच छापले जाते आणि छपाईचा आकडा जाहीर होतो. एखाद्या संघाचा एक हंगाम अशा कार्डांतून तारीखवार उभा करता येतो. चार सामने खेळून विस्मरणात गेलेल्या खेळाडूची कार्डे शोधून लावता येतात. त्याला लागतात चिकाटी आणि अभ्यास. पैसे फार लागत नाहीत.

अमेरिकेत वाढणारी मराठी मुलेही आज ही कार्डे घेतात. त्यांच्या पालकांना माझे सांगणे आहे: कार्डाचा भाव फोनवर पाहायला मुलाला शिकवू नका. एक संघ, एक खेळाडू किंवा एक वर्ष निवडून तो संच पुरा करायला शिकवा. कार्डामागचे आकडे त्याला वाचू द्या, पाठ होऊ द्या. उद्या त्या कार्डांना दमडी आली नाही तरी संग्रह उणा होणार नाही. नवे कार्ड संग्रह करण्याजोगे आहेच. संग्राहक होणे तेवढे आपल्या हाती आहे.