हरणाऱ्यांचाही हक्क

५ सप्टेंबर २०२४ रोजी सेर्राव्हाले येथील मैदानावर सॅन मारिनोच्या फुटबॉल संघाने लिश्टेनस्टाइनचा १-० असा पराभव केला. जगाने या घटनेची नोंद घेतली ती बव्हंशी एक गमतीची बातमी म्हणून. या संघाचा याआधीचा विजय २८ एप्रिल २००४ चा होता. तोही याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा आणि मैत्रीपूर्ण सामन्यातला. मधल्या वीस वर्षांत त्याने एकही सामना जिंकला नव्हता. परंतु वीस वर्षे हरणारा संघ पुन्हा मैदानात उतरतो आणि त्याला उतरू दिले जाते, यात हसण्यासारखे काही नाही. त्यामागे समतेचे एक तत्त्व उभे आहे आणि आज त्या तत्त्वावरच घाला येत आहे.

सॅन मारिनो हे चोहोबाजूंनी इटलीने वेढलेले, अवघ्या ६१ चौरस किलोमीटरांचे प्रजासत्ताक. लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात या चिमुकल्या देशाने स्वतःच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट निर्वासितांना आश्रय दिला. १९४५ ते १९५७ या काळात तेथे कम्युनिस्ट व समाजवादी पक्षांचे लोकनिर्वाचित संयुक्त सरकार होते. देशाचे मोल क्षेत्रफळावरून ठरवू नये, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. १९८८ साली हा देश जागतिक फुटबॉल महासंघाचा सदस्य झाला. त्याच्या संघातील बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी, धंदा वा शिक्षण सांभाळतात आणि उरलेल्या वेळात सराव करतात.

११ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीने या संघाला ८-० असे हरविले. त्यानंतर जर्मनीचा नामवंत खेळाडू थॉमस म्युलर याने, असल्या सामन्यांचा व्यावसायिक फुटबॉलशी संबंध काय, अशा आशयाचा सवाल केला. सॅन मारिनोच्या एका प्रवक्त्याने जाहीर पत्राद्वारे त्याला उत्तर दिले. खेळ हा त्यावर प्रेम करणाऱ्या सर्वांचा आहे, असा त्याचा रोख होता.

म्युलरचा आक्षेप अगदीच झिडकारण्याजोगा नाही. खेळाडू हाही अखेर श्रमिकच. त्याच्या शरीरावर पडणारा ताण खरा आहे. पण तो ताण वाढविला कोणी? २०२४ पासून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमधील क्लबांची संख्या ३२ वरून ३६ वर नेण्यात आली आणि पहिल्या टप्प्यात प्रत्येकाच्या वाट्याला सहाऐवजी आठ सामने आले. २०२५ साली क्लबांची विश्वचषक स्पर्धा ३२ संघांची करण्यात आली. ही वाढ सॅन मारिनोने मागितली नव्हती. तिच्यामागे प्रक्षेपणाचा पैसा आहे. श्रमिकाच्या थकव्याचे निमित्त करून दुर्बलाला दाराबाहेर काढावयाचे आणि थकविणाऱ्या भांडवलाला मात्र हात लावावयाचा नाही, ही रीत गिरणीत जुनीच होती. आता ती मैदानावरही आली आहे.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील १२ धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ची घोषणा केली. संस्थापक क्लबांचे स्थान तीत कायमचे राखून ठेवलेले होते. इंग्लंडमधील सामान्य प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच ही योजना कोलमडली. पण तिच्यातून मनोवृत्ती उघडी पडली ती पडलीच. गरिबाला सांगावयाचे, तू हरतोस म्हणून बाहेर जा. श्रीमंताने मात्र हरूनही आत राहावयाचे!

लहान देशांना दया नको आहे, शिडी हवी आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नेशन्स लीगने अशी शिडी काही प्रमाणात दिली. तीत तुल्यबळ संघ एकमेकांशी खेळतात आणि जिंकणारा वरच्या स्तरात जातो. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी सॅन मारिनोने लिश्टेनस्टाइनला त्याच्याच भूमीवर ३-१ असे हरविले आणि एक पायरी वर पाऊल टाकले. मात्र या शिडीची उद्या भिंत होता कामा नये. लहानांनी केवळ लहानांशीच खेळावे, विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे दार त्यांच्यासाठी आधीच्या चाळणीने बंद करावे, ही मागणी अधूनमधून डोके वर काढीत असते. ती मान्य झाली असती, तर १७ नोव्हेंबर १९९३ चा बोलोन्या येथील सामना झालाच नसता. त्या दिवशी दाविदे ग्वाल्तिएरी याने इंग्लंडविरुद्ध सामना सुरू झाल्यापासून नऊ सेकंदांच्या आत गोल केला होता. सॅन मारिनो तो सामना ७-१ असा हरला. पण फुटबॉलचा जन्म जिथे झाला त्या देशाला काही काळ पिछाडीवर राहावे लागले.

जागतिक महासंघात जर्मनीला एक मत आहे आणि सॅन मारिनोलाही एकच. ही समता कागदावर टिकवावयाची आणि मैदानावर नाकारावयाची, हा दुटप्पीपणा ओळखला पाहिजे. विजय ज्याने-त्याने कमवावा. सहभाग मात्र कोणी कोणाला बक्षीस म्हणून देण्याची वस्तू नव्हे. निवडणुकीत वर्षानुवर्षे अनामत गमावूनही पुन्हा उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.