पाटीवरचं नाव आणि एन्कोडरचा पॉइंटर

आमच्या सोसायटीत जिन्याखाली नावांची पाटी आहे. ३०४ मधले काका फ्लॅट विकून गेले त्याला तीन वर्षं झाली, पाटीवर नाव अजून त्यांचंच. खरी नोंद सेक्रेटरीच्या रजिस्टरमध्ये आहे, पण कुरियरवाला बिचारा पाटीच वाचणार ना!

लिनक्सच्या डिस्प्ले ड्रायव्हर्समध्ये अगदी हाच प्रकार चालतो, आणि मला त्याचा मनापासून वैताग आलाय.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रेमबफरमधलं चित्र प्लेनवर येतं, तिथून सीआरटीसीत (हा टायमिंग सांभाळतो), मग एन्कोडर, मग कनेक्टर. आत्ता कोण कोणाला जोडलंय, ही नोंद पूर्वी एन्कोडर आणि कनेक्टरमधल्या पॉइंटरांत असायची. मग अ‍ॅटॉमिक मोडसेटिंग आलं. ४.२ कर्नलपासून, म्हणजे २०१५ पासून, ते युजरस्पेसला सर्रास खुलं झालं. आता नोंद कनेक्टरच्या स्टेटमध्ये असते. नवी स्टेट आधी तपासायची, पटली तरच लागू करायची. जुने पॉइंटर मात्र राहिलेच. हेल्पर कोड ते भरतो, पण कमिटच्या वेळी. तपासणी तोवर उरकलेली असते.

मागच्या महिन्यात एका बोर्डावर दोन स्क्रीन होते. एचडीएमआय पहिल्या सीआरटीसीवरून दुसऱ्यावर हलवलं की पडदा काळा. लॉग एकदम स्वच्छ. दोन रात्री घातल्यावर सापडलं: तपासणीच्याच फंक्शनमध्ये कोणा महाभागाने एन्कोडरचा जुना पॉइंटर वाचून क्लॉक ठरवला होता. क्लॉक जायचा जुन्या सीआरटीसीला, नवा उपाशी. वर आणखी शहाणपणा म्हणजे, पॉइंटर नल असेल तर 'पहिला सीआरटीसी धरा'! त्यामुळे बूट झाल्यावर एका मॉनिटरवर सगळं झकास. टेस्टिंगवाले खूश.

हे काढा म्हटलं तर रिव्ह्यूत उत्तर काय? "चालतंय ना, कशाला हात लावतोस?" च्यायला, चालत नाही म्हणूनच तर दोन रात्री गेल्या!

दुसरा युक्तिवाद जरा बरा आहे: "आपल्या चिपमध्ये एन्कोडर एकाच सीआरटीसीला जोडता येतो, मग फरक काय पडतो?" आज नाही पडत. पण पुढच्या चिपचा ड्रायव्हर कोरा लिहिला जात नाही हो, हाच कॉपी करून त्यातली नावं बदलली जातात. आमच्या बोर्डावरचा कोड असाच आला होता.

ही फील्ड्स काढून टाका, असं मी म्हणत नाही. जुन्या, अ‍ॅटॉमिक नसलेल्या ड्रायव्हरांना ती लागतात. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येही तेच आहे: पॉइंटर मुख्यतः त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी कनेक्टरची स्टेट बघावी. पण वाचतो कोण! म्हणून माझं मागणं एवढंच की अ‍ॅटॉमिक ड्रायव्हरच्या तपासणीत तो पॉइंटर वाचलेला दिसला, की पॅच तिथेच परत पाठवा. 'नंतर बघू' नको.

माझा पॅच अकरा ओळींचा आहे. एकदा नाकारलाय. सोमवारी परत पाठवतोय.